अपुरं कडं

बसने ब्रेक मारला, एवढंच झालं. खरंच एवढंच. तुम्ही सगळे मला विचारता ना, झालं काय, नेमकं झालं काय, तर ऐका, समोर एक सायकलवाला आडवा आला, ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला, आणि आम्ही उभे असलेले सगळे एकदम पुढे गेलो आणि एकदम मागे आलो. मी आणि मोठी एकाच दांड्याला धरून उभ्या होतो. आमच्या दोघींच्या माना एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे, आणि सीटवर बसलेले एक आजोबा म्हणाले, "वा, काय कवायत आहे!" कारण आम्ही दिसतोच तशा, एकच चेहरा दोनदा छापल्यासारख्या, आणि त्या क्षणी दोघींचं तोंडही सारखंच उघडं राहिलं असणार. आम्ही हसलो. कंडक्टर ड्रायव्हरवर ओरडला, ड्रायव्हर सायकलवाल्यावर ओरडला, सायकलवाला तोवर पसारही झाला होता. कुणाच्या कपाळाला टेंगूळ नाही, कुणाची पिशवी सांडली नाही. बस पुन्हा सुरू झाली. सगळ्यांच्या दृष्टीने तिथे ते संपलं, मी मात्र अजून कधीकधी भर दुपारी मशीनवर बसल्याबसल्या त्या दांड्याला धरून उभी असते, आणि मोठी शेजारी हसत असते, आणि मला वाटतं की आता हिला म्हणावं, अगं मान सांभाळ. कुणी म्हणतं का पण असं? मान सांभाळ म्हणून?

मोठी म्हणजे माझी जुळी बहीण. माझ्याआधी बाहेर आली म्हणून मोठी, मी मागून आले म्हणून धाकटी, आणि हीच नावं इतकी चिकटली की खरी नावं फक्त कागदावर उरली. शाळेत बाईंनी खरं नाव पुकारलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो, ही कोण बुवा? आम्ही मास्तरांकडे कामाला लागलो तेही एकत्रच. मास्तरांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, लांबलचक खोली, मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी मशिनी, भिंतीला माणसाएवढा आरसा. कोट, जाकिटं, आणि लोकांच्या ढगळ झालेल्या नाहीतर तंग झालेल्या कपड्यांची दुरुस्ती. मोठी कापायची, मी शिवायचे. ती खडूने रेघ मारायची ना, ती बघण्यासारखी असायची, एका दमात, हात न उचलता, जसं काही रेघ कापडात आधीच होती आणि ही फक्त तिच्यावरची धूळ झटकतेय. आणि बाईमाणसाचा कोट अडकला, नीट बसेना, की मास्तर आमच्यातल्या एकीला तो घालून उभी करायचे आणि दुसरी टाचण्या लावायची. कुणी का घाला, फरकच नव्हता. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "देवाने मला दोन पुतळे फुकट दिलेत. फक्त दोन्ही बडबड करतात." आणि करायचोच आम्ही. एकीने वाक्य सुरू करायचं, दुसरीने संपवायचं. मोठी म्हणायची, "बाई, तुमची बाही जरा..." मी म्हणायचे, "...आखूड करावी लागेल." मोठी म्हणायची, "आणि खांद्याला..." मी म्हणायचे, "...एक चुणी." गिऱ्हाईक बिचारं टेनिस बघितल्यासारखं इकडून तिकडे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं हो. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात असं एक दार असतं, पलीकडच्या खोलीत उघडणारं.

ब्रेकच्या दुसऱ्या दिवशी दोघींच्याही माना धरल्या. डावी बाजू, कानाच्या खालून वर डोळ्यापर्यंत एक ठणका. मास्तर हसले, "दुखणंसुद्धा जोडीने घेता का गं?" मोठी म्हणाली, "स्वस्त पडतं." मग आम्ही रुमाल गरम करून आळीपाळीने शेकत बसलो, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं, दोघींना एकच दुखतंय म्हणजे काही विशेष नसणार असं. पुढे एकदा सकाळी ती राखाडी लोकरीचं कापड कापत होती, कात्री अर्ध्यात थांबली. मी मान वर केली ती आवाज थांबला म्हणून. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, जसं आपण बसमध्ये अंगावर रेललेल्या अनोळखी माणसाकडे बघतो तसं, जरा नाराज, जरा सभ्य. मग कात्री पडली. ती माझ्याकडे वळली आणि बोलली, आणि जे आलं ते शब्द नव्हते. सूर तिचा होता, प्रश्नाचा सूर, शेवटी वर जाणारा, पण आत काही नव्हतं, रिकाम्या बाह्यांसारखं. मास्तरांनी तिचा चेहरा बघितला, एका बाजूने ओघळलेला, आणि त्यांनी चपला न घालता जिन्यावरून धाव घेतली गाडी थांबवायला. हॉस्पिटलमध्ये सगळे म्हणाले वेळेत आणलंत, अगदी वेळेत, शाब्बास. शाब्बास म्हणाले. औषध दिलं, नळी घालून रक्ताची गाठ काढायचा प्रयत्न केला, सगळं सगळं केलं त्यांनी. ती वाचली. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जुळी आहात, एका घडणीच्या, तर तुमचीही मान बघून घेऊ. मी म्हटलं मला काय झालंय? तरी निजले त्या यंत्रात. आत इतका खडखडाट असतो, आणि हलायचं नाही, गिळायचंसुद्धा जपून, आणि मला आपलं वाटत होतं की शेजारच्या नळीत मोठी निजली असेल, आम्ही लहानपणी अशाच झोपायचो, पाय पायांना लावून, आणि एकीला स्वप्न पडलं की दुसरी दचकायची. बाहेर आले तर डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर दोन चित्रं लावली होती, काळ्यावर पांढऱ्या वेली. आई माझ्या शेजारी बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. बाईंनी पेनाचं टोक ठेवलं. "ही त्यांची मान. डावी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली, त्या झटक्याने, आणि हळूहळू बंद झाली." मग दुसऱ्या चित्रावर. "आणि ही तुमची."

मी बघत राहिले. सारखीच होती. तीच जागा, तशीच ती वेल निमुळती होत होत दिव्याच्या वातीसारखी विझलेली.

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे दोघींनाही तेच झालं. यांचीही बंद आहे."

"पण मी तर बरी आहे," मी म्हटलं. केवढं वेडगळ वाटलं ते म्हणताना, जसं काही मी तक्रार करत होते.

मग त्यांनी समजावलं, आणि मी तुम्हाला मला समजलं तसं सांगते. मानेतून मेंदूकडे चार नळ्या जातात, दोन पुढून, दोन मागून, आणि मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना हात देतात आणि एक कडं तयार होतं. एवढंसं, अंगठ्याच्या पेरात मावेल असं. एक नळी बंद पडली तर बाकीच्या त्या कड्यातून वळसा घालून रक्त पोचवतात. "हे पुस्तकातलं कडं," बाई म्हणाल्या, "प्रत्यक्षात निम्म्या लोकांचंसुद्धा इतकं पूर्ण नसतं. कुणाचा एक दुवा बारीक, कुणाचा नाहीच. तो आजार नव्हे. जन्मभर काही कळत नाही, कळायचं कारणच पडत नाही." आणि पेन फिरलं. माझं कडं पूर्ण होतं. उजवीकडचं रक्त पुढच्या पुलावरून डावीकडे येत होतं, त्या सकाळी मी मशीनवर बसून बाही जोडत होते तेव्हासुद्धा येत होतं, न सांगता, न विचारता. आणि मोठीच्या चित्रात पुढचा पूल नव्हता. तुटला नव्हता, झिजला नव्हता, नव्हताच. मागचा होता तो इतका बारीक की बाईंना दाखवायला चित्र मोठं करावं लागलं. धागासुद्धा जाड म्हणायचा. आई एकदम म्हणाली, "अहो पण एकाच पोटात होत्या." बाई म्हणाल्या, "जुळ्यांच्या बोटांचे ठसेही वेगळे असतात, आई. यात तुमचं काही चुकलं नाही." आई म्हणाली, "एकच खात होते मी. दोघींना एकच जात होतं." आणि मग, तुम्ही हसू नका हां, आई म्हणाली, "हिच्यातला थोडा तिला नाही का लावता येत?" आणि पेनाने दाखवलं तसं बोटाने दाखवलं, इथून इथे. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नाही.

मला रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या आणि मी चालत घरी आले. चालत, कारण बसमध्ये चढवेना. आणि त्या रस्त्यावर, दुकानांच्या काचांमधून मीच मला दिसत होते, म्हणजे मोठीच दिसत होती, धडधाकट, पिशवी घेऊन चाललेली, आणि मला एक भयंकर विचार आला. आई सांगते की लहानपणी आम्हाला ओळखायला ती मोठीच्या मनगटाला लाल दोरा बांधायची. आणि एकदा आंघोळीत दोरा सुटला. आई हसत हसत सांगते ही गोष्ट, पाहुणे आले की हटकून सांगते, मग मी दोघींना खाली ठेवलं, जी आधी रडली तिला मोठी ठरवलं आणि बांधला दोरा. आम्हीसुद्धा हसायचो. आता काचेतल्या त्या बाईकडे बघताना मला वाटलं, समजा चुकली असेल आई. समजा मीच मोठी असेन. मग पूल कुणाचा नाही? कुणाचा म्हणजे काय, जिच्या डोक्यात नाही तिचाच नाही, दोऱ्याने काय होतंय, हे मला कळत होतं हो, मी काही वेडी नाही. पण कळून उपयोग नव्हता. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की ही वाटणी झाली कधी. आम्ही कसल्याच वाटण्या केल्या नव्हत्या. कंगवा एक, चपलांचं माप एक, परीक्षेत मार्कसुद्धा मागेपुढे. आणि त्या अंधारात, डोळेही फुटले नव्हते तेव्हा, माझ्याकडे एक पूल बांधला गेला आणि तिच्याकडे नाही, आणि इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या केसांच्या वेण्या घालत होतो, बरोबर त्याच्यावर हात ठेवून.

ती घरी आली तेव्हा मी ठरवलं होतं की तो पूल मी होईन. हसू येतं ना? मला नाही आलं. मी तिची वाक्यं आधीही पुरी करतच होते, आता सुरूही करीन, त्यात काय. तिने पाण्याकडे बघितलं की मी पेला आणायचे, खिडकीकडे बघितलं की पडदा ओढायचे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेले तर त्यांनी किल्लीचं चित्र पुढे धरलं. "हे काय आहे?" मोठीने चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "किल्ली." बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही विचारलं." पुढचं चित्र, कप. मोठीने माझ्याकडे बघितलं. मी ओठ आवळून धरले, खरंच धरले, पण सुटलंच माझ्या तोंडातून, उचकीसारखं. "ताई," बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. दार पूर्ण लागत नव्हतं. मला ऐकू आलं, आधी नुसता घशातला आवाज, मग एक "की", मग बराच वेळ काही नाही, मग "ल्ली". किल्ली. तिचा आवाज! मी उठून उभी राहिले, टाळ्या वाजवणार होते, आत धावणार होते, आणि गेलेच आत, आणि मला बघताच तिच्या चेहऱ्यावर असं हुश्श पसरलं. जसं ओझं खाली ठेवतात तसं तिने बोलणं खाली ठेवलं. बाई मला दाराशी घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही खूप करता, दिसतंय मला. पण तुम्ही समोर असलात की तिला बोलायची गरजच पडत नाही."

थंडी पडायला लागली तेव्हा मी तिच्यासाठी कोट करायला घेतला. तिने अर्धा कापून ठेवलेलं ते राखाडी कापड नव्हे, ते मास्तरांनी कुठे ठेवलं कोण जाणे, मी नवीन आणलं, गडद निळं. मी कापलं. माझी रेघ तिच्यासारखी नाही येत, पण आली बरी. माप काय, माझंच घेतलं, आरशासमोर उभी राहून छातीभोवती टेप फिरवली. आम्ही जन्मभर तेच केलं होतं, दुसरं काही सुचलंच नाही. शिवून, इस्त्री करून घरी नेला. आईने तिला खुर्चीतून उठवलं, मी कोट चढवला, उजवी बाही आधी, हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं तशी, आणि बटणं लावली, आणि तिला आरशासमोर नेलं आणि तिच्या शेजारी उभी राहिले. उजवा खांदा खाली आला होता. इतका आला होता आणि रोज तिला आंघोळ घालताना मला दिसला नव्हता. गळा एकीकडे ओढला जात होता, बाही बोटांवरून खाली लोंबत होती, आणि पाठीवर कापड मोकळं पडून एक मोठा फुगा आला होता, कारण ती वाळली होती, आणि मी नव्हते. आरशात एका बाईने दुसऱ्या बाईचा कोट घातला होता. आई म्हणाली, "छान दिसतोय गं." मी म्हटलं, "खांदा जरा..." आणि सवयीने थांबले, ती पुढचं बोलेल म्हणून थांबले. मोठीने डाव्या हाताने बटण ओढलं. निघेना. तिने इतक्या जोरात ओढलं की ते उडून कॉटखाली गेलं. मग दुसरं. मी हात पुढे केला तर तिने माझा हात झटकला, कोट खांद्यावरून ओरबाडून काढला, माझ्या छातीवर दाबला, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "तुझा."

स्वच्छ. चित्र न दाखवता, मी दाराबाहेर नसताना. तुझा.

मी तो कोट घेऊन दुकानात गेले, मास्तरांना म्हटलं खांदा उसवून बघू का. त्यांनी टेबलावर पसरला, आतून बाहेरून बघितला, टीप बघितली. "माप कधी घेतलंस तिचं?"

"घ्यायचं काय त्यात, माझंच तर आहे."

मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. "होतं," म्हणाले. मग कोटाची घडी घालत, "मी उसवू देणार नाही. तूच घाल तो, थंडी आहे." आणि आतल्या खोलीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.

मावशीचं घर बोलण्याच्या बाईंच्या रस्त्यावरच आहे. मावशी आली, म्हणाली काही महिने मी नेते, रोजची येजा वाचेल, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, बाईसुद्धा म्हणत होत्या. मला वाटलं मोठी हट्ट करेल. मोठीने कपाट उघडलं आणि डाव्या हाताने एकेक कपडा काढून कॉटवर ठेवायला लागली. आमचं कपाट एक, कपडे एक, कुणाचं काय ते आम्हालाच कधी माहीत नव्हतं. ती प्रत्येक कपडा हातात धरून विचार करत होती. काही पिशवीत जात होते, काही परत फळीवर. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला कळत नव्हतं की ती कशावरून ठरवतेय. मी जायचं नाही असं ठरलं होतं, भेटायला नाही, फोन नाही, ती स्वतःहून करेपर्यंत. मी हो म्हटलं होतं. काय म्हणणार होते? रिक्षा सुरू झाली तेव्हा तिने मागे बघितलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी आत येऊन बसले होते.

आणि मग फोन आला. थंडी सरली होती तोवर. मी मशीनवर होते, मास्तर कुणाला तरी पँटची उंची विचारत होते. मावशी म्हणाली, "थांब हं, ती बोलतेय," आणि मग श्वास. मी उठून जिन्यात गेले. भिंतीला पाठ लावली, खालचा ओठ दातात धरला. "धा," ती म्हणाली. मग, "धाक." मग एकदम सगळं, "धाकटे." मला ओरडावंसं वाटलं, अगं मोठे, बोल, बोल, पण मी हूं एवढंच म्हटलं. "मी," ती म्हणाली. थांबली. तिकडे कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं. "मी... काल..." आणि थांबली, आणि मी वाट बघायला लागले. माझ्या तोंडात शब्दांची रांग लागली होती. काल चालले. काल पडले. काल रडले. काल जेवताना, काल स्वप्नात, काल खडू धरला, काल तुझी आठवण. पूर्वी रांग नसायची हो, एकच शब्द यायचा, तोच तिचा असायचा. आता मी एकेक शब्द तिच्या श्वासाला लावून बघत होते आणि एकही बसत नव्हता. "काल," ती परत म्हणाली, जोर लावून, मला ऐकू येत होता तो जोर, आणि मी ओठ सोडला नाही. पाणी पडतच होतं. मग ती दमली. "असू दे," म्हणाली, अगदी पूर्वीसारखं, सहज, आणि फोन ठेवला.

मी तिथेच उभी होते. वरून मास्तरांनी हाक मारली, "काय म्हणते गं ती?" काल तिने काय केलं, मला माहीत नव्हतं.